लॅपटॉपच्या कडेच्या खाचेत काय बसतं, काय बसत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात २०१० च्या सुमारास घेतलेला, विंडोज ७ वर अजून चालणारा लॅपटॉप आहे. त्याच्या कडेला एक आडवी खाच आहे आणि तिच्यात प्लास्टिकचा तुकडा बसवलेला आहे. वडिलांनी हँडीकॅमवर केलेल्या शूटिंगच्या तीसेक मिनी-डीव्ही कॅसेट्स कॉम्प्युटरवर घ्यायच्या आहेत, पण लॅपटॉपला फायरवायरचं पोर्ट (असे कॅमेरे कॉम्प्युटरला जोडायचं जुनं पोर्ट) नाही. खाचेत कार्ड घालून ते मिळेल का? त्याच खाचेतून यूएसबी ३ आणि जमलं तर वेगळं ग्राफिक्स कार्ड लावता येईल का? आणि नवा लॅपटॉप घेतला तर अशी सोय त्यात असेल का?

घाईत असाल तर एवढंच वाचा. फायरवायर मिळेल, आणि त्या खाचेचा आज उरलेला सगळ्यात चांगला उपयोग तोच आहे. यूएसबी ३ मिळेल, पण निम्म्याहून कमी वेगाने, आणि तुमच्या कामाला त्याची गरजही नाही. ग्राफिक्स कार्डाच्या वाटेला जाऊ नका. नव्या साध्या लॅपटॉपला अशी खाच शोधून सापडणार नाही, तिची जागा दुसऱ्या गोष्टींनी घेतली आहे.

आता सविस्तर. मी पुण्यात वीसेक वर्षं लॅपटॉप दुरुस्त करतोय. गिऱ्हाईक येतं ते कार्डाचं खोकं घेऊन, आणि खोक्यावरचा वेगाचा आकडा वाचून दाखवतं. मी खोकं बाजूला ठेवतो आणि आधी खाचेत टॉर्च मारतो. कार्ड कितीही भारी असो, त्याला मिळायचं ते खाचेमागे मदरबोर्डवरून आलेल्या तारांतूनच. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून कार्ड शोधायच्या आधी तुमच्या खाचेमागे कोणता आड आहे ते बघायचं.

त्या प्लास्टिकच्या तुकड्याला आम्ही डमी म्हणतो. धूळ आत जाऊ नये म्हणून कंपनीच घालून देते. चिमट्याने ओढू नका. शेजारी एक बारीक बटण असेल. ते दाबलं की बटणच बाहेर येतं, पुन्हा दाबलं की डमी सुटते. काही मॉडेलना बटण नसतं, तिथे डमीच किंचित आत दाबायची, मग ती स्प्रिंगने बाहेर येते. डमी निघाली की खाचेच्या तोंडाशी पट्टी धरा.

रुंदी ३४ मिलिमीटर भरली तर ती एक्स्प्रेसकार्डची खाच, विषय संपला. ५४ भरली तर दोन शक्यता: जुन्या पद्धतीची पीसी कार्डाची खाच, किंवा रुंद एक्स्प्रेसकार्डची. इथे टॉर्च लागतो. आत शेवटाला पूर्ण रुंदीभर सुईसारख्या पिनांच्या दोन रांगा दिसल्या तर ते पीसी कार्ड. त्या पिना ६८ असतात आणि त्या खाचेत असतात, कार्डात नाही. पिनांची रांग दिसली नाही, एका बाजूला छोटी जिभेसारखी पट्टी आणि दुसऱ्या बाजूला कार्डाला तिच्याकडे वळवणारी तिरकी कड दिसली, तर रुंद एक्स्प्रेसकार्ड. तिच्यात अरुंद कार्डही चालतं, कारण कनेक्टर दोन्हींचा सारखाच, २६ संपर्कांचा. काही लॅपटॉपवर खाचेशेजारी चौकटीतल्या सशाचं चिन्ह छापलेलं असतं. ससा दिसला की एक्स्प्रेसकार्ड, पट्टीही लागत नाही.

ऑफिसातून निवृत्त झालेले लॅपटॉप घेणाऱ्यांची इथे हमखास एक फसगत होते. त्यांच्यावर पीसी कार्डाच्याच रुंदीची आणखी एक खाच असते, पण ती एटीएम कार्डाएवढी बारीक असते. ती ओळखपत्राचं स्मार्ट कार्ड वाचायची खाच, तिच्यात यातलं काहीच जात नाही. रुंदी सारखी असणं हा योगायोग नाही. पीसी कार्डाचं मापच बँकेच्या कार्डावरून घेतलं होतं: ८५.६ बाय ५४ मिलिमीटर. जाडी तेवढी वाढवली: पहिल्या प्रकाराची ३.३, दुसऱ्याची ५ आणि तिसऱ्याची १०.५ मिलिमीटर.

हे पीसी कार्ड मुळात मेमरीसाठी निघालं. १९८९ मध्ये अमेरिकेत कंपन्यांची एक संघटना झाली. तिच्या नावाची आद्याक्षरं पीसीएमसीआयए, आणि बरीच वर्षं कार्डालाही लोक तेच म्हणत. 'लोकांना कॉम्प्युटरवाल्यांची आद्याक्षरं पाठ होत नाहीत' असा त्या अक्षरांचा इंग्रजीत एक विनोदी विस्तार आहे, आणि कार्डाचं नाव शेवटी बदलावं लागलं हे पाहता तो फार खोटाही नव्हता. १९९१ च्या आवृत्तीत मेमरीशिवाय मोडेम, नेटवर्क वगैरे जोडायची सोय आली. १९९५ मध्ये कार्डबस आली. खाच तशीच, पण मागे ३२ बिटांची पीसीआय वाहिनी, म्हणजे मदरबोर्डवरून कार्डांपर्यंत जाणारी वाट, कागदावर सेकंदाला १३३ मेगाबाइट. कार्डबसचं कार्ड ओळखायचं तर तोंडाशी सोनेरी धातूची पट्टी बघा. बहुतेकांच्या पट्टीवर आठ बारीक उंचवटे असतात. ते कार्ड जुन्या सोळा बिटांच्या खाचेत घुसत नाही, तशी अडवणारी रचनाच ठेवली आहे. उलट जुनं कार्ड नव्या खाचेत चालतं.

२००३ मध्ये एक्स्प्रेसकार्ड आलं आणि सगळं बदललं. त्याच्या खाचेमागे दोन वाटा असतात: पीसीआयची वेगवान पुढची आवृत्ती असलेल्या पीसीआय एक्स्प्रेसचा एक पदर आणि यूएसबी २ ची एक लाइन. कार्ड बनवणाऱ्याने यातली कोणतीही एक किंवा दोन्ही वापराव्यात. ग्राहकाच्या नशिबाचा फैसला इथे होतो, आणि खोक्यावर ही गोष्ट क्वचितच लिहिलेली असते. काही स्वस्त कार्डं फक्त यूएसबीची लाइन घेऊन बाहेर आणतात. म्हणजे तुम्ही पैसे देऊन शेजारच्याच यूएसबी पोर्टचा भाऊ विकत घेतलेला असतो. कार्ड लावल्यावर डिव्हाइस मॅनेजर उघडा. मेनूतून 'कनेक्शननुसार' मांडणी करा आणि कार्ड कोणत्या फांदीला लटकलंय ते पाहा. पीसीआय एक्स्प्रेसच्या रूट पोर्टखाली असेल तर पैसे वसूल. यूएसबी रूट हबखाली असेल तर दुकानदाराकडे परत.

म्हणून पीसी कार्डाच्या खाचेत एक्स्प्रेसकार्ड बसवून देणाऱ्या अडॅप्टरच्याही नादी लागू नका. बाजारात मिळणारे ते अडॅप्टर साधारण यूएसबीचीच वाट देतात. फायरवायरचं कार्ड पीसीआय एक्स्प्रेसवर चालतं, ते त्यात मुकं बसून राहतं.

आता तुमच्या कॅसेट्स. मिनी-डीव्हीच्या टेपवर चित्र आधीच डिजिटल असतं. आपल्याकडच्या पॅल पद्धतीत ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ चित्रं. फायरवायरने आपण रेकॉर्डिंग करत नाही, टेपवरचे आकडे जसेच्या तसे उतरवून घेतो. बाजारात लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांचं जे यूएसबी कॅप्चर यंत्र मिळतं, ते कॅमेऱ्याने पडद्यासाठी अ‍ॅनालॉग केलेलं चित्र पुन्हा डिजिटल करतं. म्हणजे दूध आटवून पावडर करायची आणि परत पाणी घालून दूध म्हणायचं. व्हीएचएससाठी दुसरा मार्गच नाही, तिथे ते ठीक. मिनी-डीव्हीसाठी तो शेवटचा पर्याय. शिवाय फायरवायरवरून सॉफ्टवेअरच कॅमेऱ्याला चालू, थांब, मागे जा असं सांगू शकतं, आणि टेपवरची शूटिंगची तारीख-वेळही सोबत उतरते. बारशाची तारीख घरात कुणालाच नक्की आठवत नसते तेव्हा त्याची किंमत कळते.

'कॅमेऱ्याला यूएसबीचं भोक आहे की, मग?' हा पुढचा प्रश्न ठरलेला. बहुतेक मिनी-डीव्ही कॅमेऱ्यांत ते भोक मेमरी कार्डावरच्या फोटोंसाठी किंवा वेबकॅमसारखं लहान चित्र पाठवण्यासाठी दिलेलं होतं. टेप त्यातून येत नाही. तुम्हाला हवं ते भोक वेगळं, चार पिनांचं. त्यावर 'डीव्ही' किंवा 'आय-लिंक' असं लिहिलेलं असतं.

आणि आता एक गोष्ट जरा आवाज चढवून सांगतो. ऑनलाइन दुकानांत शे-दोनशे रुपयांत 'फायरवायर टू यूएसबी' नावाची टोपी मिळते, एका बाजूला फायरवायर, दुसऱ्या बाजूला यूएसबी, आत नुसत्या तारा जोडलेल्या. ती चालत नाही. कधीच चालणार नाही, कारण दोन्हींची भाषा वेगळी आहे आणि टोपीत दुभाषा नाही. ती नुसती निरुपयोगी असती तर मी गप्प बसलो असतो. सहा पिनांच्या फायरवायरमधून वीजही वाहते. नियमाप्रमाणे ३० व्होल्टपर्यंत, कॉम्प्युटरवर सहसा १२ च्या आसपास. यूएसबीला ५ व्होल्टची सवय. टोपीची चुकीची बाजू चुकीच्या यंत्राला लागली की काय होतं ते मी टेबलावर पाहिलंय. नातवाच्या वाढदिवसाचं शूटिंग बघायला म्हणून आणलेल्या कॅमेऱ्याचा बोर्ड एका जागी तपकिरी पडला होता आणि वास खोलीभर होता. बोर्ड मिळाला नाही. कॅसेट वाचली, कारण ती सुदैवाने आत नव्हती.

तेव्हा कार्ड घ्या. खाच एक्स्प्रेसकार्डची असेल तर एक्स्प्रेसकार्ड फायरवायर, पीसी कार्डाची असेल तर कार्डबस फायरवायर. तुमच्या कामाला दोन्ही पुरून उरतात. डीव्हीचा प्रवाह सेकंदाला साधारण ३.६ मेगाबाइट एवढाच आहे, आणि खाच कार्डबसची १३३ ची असो की एक्स्प्रेसकार्डची २५० ची, तिला तो किस झाड की पत्ती. चिप शक्यतो टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची बघा, जुन्या ऑडिओ-व्हिडिओवाल्यांचा तिच्यावर विश्वास आहे आणि माझाही. नवं कार्ड मिळालं नाही तर जुनं चालेल. या कार्डांत झिजण्यासारखं फार काही नसतं, फक्त पोर्ट ढिलं नाही ना एवढं पाहून घ्या. पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जुन्या मालाच्या दुकानात विचारा. नाव इंग्रजीत सांगून ओळखलं नाही तर लॅपटॉपच घेऊन जा.

केबल नीट सांगून घ्या. कॅमेऱ्याकडे चार पिना, कार्डाकडे कार्डावर जे असेल ते: चार, सहा किंवा फायरवायर ८०० चं असेल तर नऊ. चार पिनांचं टोक इतकं बारीक असतं की उलटं धरून जोर दिला तर आत जातं, आणि मग पोर्टच जातं. कॅमेरा बंद ठेवून केबल दोन्हीकडे लावा, मगच चालू करा. चालू असताना लावता येते असं पुस्तकात लिहिलंय, पण जळालेली पोर्टं माझ्याकडे तसं करणाऱ्यांचीच आली. कॅमेऱ्याला चार्जरवरच चालवा, पंधरा वर्षांच्या बॅटरीच्या भरवशावर नको.

कार्ड घातलं की विंडोज ७ स्वतःच ड्रायव्हर लावतं. कार्ड दिसलंच नाही तर ते आत ठेवूनच लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करा. काही मशिन सुरू होतानाच खाच तपासतात, मध्येच घातलेल्या कार्डाकडे ढुंकून बघत नाहीत. चित्र तुटत असेल तर दोन उपाय. पॉवरच्या सेटिंगमध्ये जाऊन पीसीआय एक्स्प्रेसची वीज-बचत बंद करा. आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये फायरवायर कंट्रोलरचा ड्रायव्हर बदलून यादीतला 'लेगसी' लिहिलेला घ्या. विंडोज ७ मध्ये तो आतच आहे. पुढच्या विंडोजमधून काढून टाकला, तिथे वेगळा उतरवून घ्यावा लागतो. म्हणजे या कामाला तुमचा जुना लॅपटॉप नव्यापेक्षा सोयीचा आहे. फक्त त्याला इंटरनेटपासून लांब ठेवा. विंडोज ७ ची सुरक्षा-डागडुजी जानेवारी २०२० मध्ये थांबली.

एका तासाच्या कॅसेटला सुमारे १३ जीबी जागा लागते. तीस कॅसेट म्हणजे ३९० जीबी. फाइल लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर उतरवा आणि नंतर बाहेरच्या डिस्कवर हलवा. बाहेरची डिस्क एफएटी३२ या जुन्या मांडणीची असेल तर चार जीबीच्या वरची फाइल घेणार नाही, एनटीएफएस करून घ्या. टेप वेळेबरहुकूम चालते, तासाच्या कॅसेटला तासच लागणार. कोणतंही कार्ड तो कमी करत नाही. प्रत्येक कॅसेट उतरवण्याआधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळून घ्या, वर्षानुवर्षं एकाच जागी बसलेल्या टेपचा ताण सारखा होतो. कोकणातून किंवा तळमजल्याच्या कपाटातून आलेल्या कॅसेट असतील तर खिडकीतून आतली टेप उजेडात बघा. कडेला पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट चांगल्या कॅमेऱ्यात घालू नका. कॅमेऱ्यातल्या टेप वाचणाऱ्या हेडला लागलेली बुरशी पुढच्या सगळ्या कॅसेटना प्रसादासारखी वाटली जाते.

आणखी एक बारीक पण रोजची कटकट. फायरवायरची केबल जाड आणि ताठ असते, एक्स्प्रेसकार्ड स्प्रिंगवर नुसतं टेकलेलं. रुंद खाचेत अरुंद कार्ड असेल तर ते हलतंही. चाळीस मिनिटं उतरलेली कॅसेट कुणीतरी चहाचा कप ठेवला म्हणून तुटते. मी केबल कार्डापासून वीतभर अंतरावर टेबलाला चिकटपट्टीने लावून टाकतो. दिसायला वाईट, पण रेकॉर्डिंग तुटत नाही.

यूएसबी ३ बद्दल. तुमच्या काळातल्या बहुतेक लॅपटॉपात एक्स्प्रेसकार्डमागचा पदर पहिल्या पिढीचा, सेकंदाला २५० मेगाबाइटचा आहे. यूएसबी ३ चं कार्ड लावलंत तर व्यवहारात दीडशे ते दोनशे मिळतील, यूएसबी २ वर तीस-चाळीस मिळतात. फरक मोठा आहे, नाही म्हणत नाही. पण खाच एक आणि कार्डं दोन, तेव्हा फायरवायर काढून हे घालायचं. आणि १३ जीबीची फाइल यूएसबी २ वरून हलवायला सहा-सात मिनिटं लागतात. तेवढ्यात पुढची कॅसेट गुंडाळून होते. त्या पैशांत आत एसएसडी टाका, लॅपटॉप नवा झाल्यासारखा वाटेल.

तरीही घेणार असाल तर कार्डाच्या बाजूला गोल पॉवरचं भोक आहे का ते बघा. एक्स्प्रेसकार्डच्या खाचेतून ३.३ आणि १.५ व्होल्ट मिळतात, पाच मिळतच नाहीत, आणि यूएसबीला तर पाच हवेत. कार्डावरची छोटी चिप ३.३ चे पाच करते, पण त्यावर हार्ड डिस्क फिरवायची ताकद येत नाही. डिस्क टिक-टिक करत राहते, आणि लोक ती 'खराब झाली' म्हणून घेऊन येतात. गोल भोकात वेगळी वीज द्या किंवा वीज घेणारा यूएसबी हब मध्ये लावा, टिक-टिक थांबते. पीसी कार्डाच्या खाचेत तर यूएसबी ३ चा विषयच काढू नका.

ग्राफिक्स कार्ड: एक्स्प्रेसकार्डला पट्ट्याने जोडायचा बोर्ड मिळतो, त्यावर डेस्कटॉपचं कार्ड, त्याला वेगळा पॉवर सप्लाय, आणि चित्र बघायला वेगळा मॉनिटर. डेस्कटॉपमध्ये ज्या कार्डाला सोळा पदरी रस्ता असतो त्याला इथे एक पदर. हौशी पोरं करतात, मीही एकदा करून पाहिलंय. टेबलभर तारा झाल्या, गेम चालला, आणि दुसऱ्या दिवशी सगळं सोडवून ठेवलं.

खाचेचा खरा कस मला भोसरीच्या वर्कशॉपांत दिसला. तिथल्या जुन्या सीएनसी मशिनना (प्रोग्रॅमवर धातू कापणाऱ्या यंत्रांना) प्रोग्रॅम आरएस-२३२ च्या केबलने पाठवायचा असतो, आणि लॅपटॉपवरून ते नऊ पिनांचं पोर्ट कधीच गेलं. यूएसबीची केबल लावून बहुतेकांचं काम भागतं. पण काही जुनी डॉसची सॉफ्टवेअर थेट ३एफ८ या पत्त्यावर पोर्ट शोधतात, यूएसबीच्या केबलला ती ओळखतच नाहीत. सोळा बिटांचं जुनं पीसी कार्ड तो पत्ता घेऊ शकतं, म्हणून काही सुपरवायझर पंचवीस वर्षांचा लॅपटॉप फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवतात आणि नव्याला हात लावू देत नाहीत. गंमत म्हणजे अशा मशिनना लागणाऱ्या फॅनक कंपनीच्या बऱ्याच कंट्रोलना स्क्रीनशेजारी पीसी कार्डाचीच खाच आहे. अडॅप्टरमध्ये कॉम्पॅक्ट फ्लॅशचं मेमरी कार्ड घालायचं, कंट्रोलवर आय/ओ चॅनेल ४ करायचं आणि प्रोग्रॅम सरळ कार्डावरून वाचायचा. लॅपटॉपवरून गेलेली खाच कारखान्यात अजून रोज वापरात आहे.

नव्या लॅपटॉपात काय, हा तुमचा शेवटचा प्रश्न. पीसीएमसीआयए संघटना २००९ मध्येच गुंडाळली गेली आणि पुढच्या काही वर्षांत एक्स्प्रेसकार्डही लॅपटॉपांवरून गेलं. खाच आता आत गेली आहे, तिचं नाव एम.२. एसएसडी आणि वाय-फायचं कार्ड तिच्यात बसतं. माप नावातच असतं: २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० लांब. तिथेही माझा नियम तोच, तारा बघा. एसएसडीसाठीच्या एम.२ खाचेत कुठे फक्त साटा (डिस्क जोडायची जुनी, हळू वाट) असतं, कुठे फक्त पीसीआय एक्स्प्रेस, कुठे दोन्ही. बाहेरून सारखीच दिसते. सिमचं भोक आहे म्हणून फोर-जी कार्ड घेऊन येणारे तर दर महिन्याला भेटतात. भोक असतं, आतली खाचही असते, पण त्या मॉडेलला अँटेनाच्या तारा घातलेल्याच नसतात.

वाय-फाय कार्डात मी स्वतः फसलोय. इंटेलचं एएक्स२०१ स्वस्त मिळालं म्हणून घेतलं आणि एएमडी प्रोसेसरच्या लॅपटॉपात बसवलं. बसलं छान, स्क्रू लागला, तारा लागल्या, आणि दिसेना. त्या कार्डात वाय-फायचा अर्धाच भाग असतो, उरलेला अर्धा इंटेलच्याच प्रोसेसर-चिपसेटमध्ये. या पद्धतीला सीएनव्हीआय म्हणतात. तिथे एएक्स२१० घ्यायला हवं होतं, ते पूर्ण कार्ड आहे आणि पीसीआय एक्स्प्रेसवर चालतं. वाय-फाय चालतंय पण ब्लूटूथ नाही, अशी तक्रार आली तर त्याच खाचेतली यूएसबीची लाइन तपासा, ब्लूटूथ तिच्यावरून येतं. काही जुन्या लॅपटॉपांच्या बायोसमध्ये तर मान्य कार्डांची यादीच असते. यादीबाहेरचं कार्ड घातलं की मशिन सुरूच होत नाही, स्क्रीनवर निषेध लिहून थांबतं.

बाहेरून कार्ड बदलायची कल्पना फ्रेमवर्क कंपनीने २०२१ मध्ये पुन्हा आणली. त्यांच्या १३ इंची लॅपटॉपात चार छोट्या खाचा असतात, १६ इंचीत सहा. एचडीएमआय, नेटवर्क, मेमरी कार्ड, स्टोरेज असे चौकोनी तुकडे हवे तिथे घालायचे. मला कल्पना आवडते, पण आत बघाल तर प्रत्येक खाचेच्या तळाशी यूएसबी-सीचं पोर्ट आहे. म्हणजे एरवी बाहेर लोंबकळणारा डोंगल त्यांनी नीटनेटका आत बसवला.

एक्स्प्रेसकार्डचा खरा वारस थंडरबोल्ट. त्याच्या केबलमधून पीसीआय एक्स्प्रेसच बाहेर येतं, आणि थंडरबोल्ट ३ ला सेकंदाला ४० गिगाबिटचा एकूण वेग आहे. तुमचं ग्राफिक्स कार्डाचं स्वप्न तिथे पूर्ण होऊ शकतं. काही मशिनवर फायरवायरही होतं: अ‍ॅपलचा थंडरबोल्ट ३ ते २ अडॅप्टर, त्याला अ‍ॅपलचाच थंडरबोल्ट-फायरवायर अडॅप्टर, मग केबल. पण दुसरा अडॅप्टर अ‍ॅपल आता विकत नाही, आणि जुना मिळाला तरी त्या सगळ्या माळेपेक्षा तुमच्या खाचेतलं एक कार्ड स्वस्त पडेल. घरात जुना डेस्कटॉप पडून असेल आणि त्यात मोकळा पीसीआय स्लॉट असेल तर त्याहूनही बरं. तिथे फायरवायरचं कार्ड स्क्रूने घट्ट बसतं, चिकटपट्टी लागत नाही.

आधी रुंदी मोजा. मग कार्ड आणा, आणि पहिली कॅसेट म्हणून घरातली सगळ्यात बिनमहत्त्वाची घाला, कुठल्यातरी सहलीची वगैरे. आणि ती डमी जपून ठेवा, काम झालं की परत घालायची आहे. उघड्या खाचेत मी आजवर शेंगदाणा, स्टेपलरच्या पिना आणि एकदा रुपयाचं नाणं पाहिलंय.